कॅम्पसवर सायकल दुरुस्ती केंद्र चालवायचं असेल तर: बेवारस सायकलीपासून नव्या मालकापर्यंत

मोठ्या कॅम्पसवरच्या सायकलस्टँडच्या टोकाला बहुधा एक रांग असतेच. हवा गेलेले टायर, तांबूस पडलेली चेन, सीटवर धुळीचा थर आणि कुलूप मात्र शाबूत. मालक शिक्षण संपवून निघून गेला, सायकल मागे राहिली. त्याच आवारात नव्याने आलेली एखादी विद्यार्थिनी वसतिगृहापासून प्रयोगशाळेपर्यंत रोज पायपीट करत असते. त्या सायकलीची आणि या विद्यार्थिनीची गाठ घालून देणं, हे दुरुस्ती केंद्राचं काम.

असं केंद्र काढायचं ठरलं की बहुतेक जण आधी अवजारांची यादी करायला बसतात. अवजारं जमतात, शिकवणारे भेटतात आणि जुन्या सायकली तर नको इतक्या येतात. केंद्र बंद पडतं ते निर्णय लांबवल्यामुळे. 'असू दे, कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून भिंतीला टेकवलेल्या सायकली वाढत जातात, पाय ठेवायला जागा उरत नाही, येणाऱ्याला काम करता येत नाही आणि शेवटी कुणीतरी सगळं भंगारात घालतं. म्हणून या लेखात मी एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगणार आहे: आत आलेल्या प्रत्येक सायकलीचा निकाल त्याच दिवशी लावा.

आधी मालकीचं बघा

बेवारस दिसणारी सायकल बेवारस असतेच असं नाही. मालक आजारी असेल, दूरच्या प्रकल्पावर गेला असेल. म्हणून पहिला पाना हातात घेण्याआधी प्रशासनाकडून लेखी परवानगी घ्या. तिच्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: सोडून दिलेली सायकल कशाला म्हणायचं, सूचना दिल्यानंतर किती दिवस थांबायचं आणि मुदत संपल्यावर तिची मालकी कुणाकडे जाते. तोंडी होकारावर काम सुरू करू नका. परवानगी देणारा अधिकारी बदलला की तो होकार कुणालाच आठवत नाही.

पद्धत सोपी ठेवा. संशयित सायकलीच्या चाकाला आणि फ्रेमला मिळून कागदी पट्टी गुंडाळा. पट्टीवर तारीख, मुदत आणि संपर्क लिहा. चाक फिरलं की पट्टी फाटते, त्यामुळे सायकल वापरात आहे का हे विचारत फिरावं लागत नाही. पट्टी लावल्याच्या दिवशीचा फोटो ठेवा. मुदतीनंतर कुलूप कापायचं ते सुरक्षा विभागाच्या माणसासमोरच, आणि कापण्याआधी फ्रेमवरचा क्रमांक टिपून घ्यायचा. हा क्रमांक बहुतेक सायकलींवर क्रँकच्या (पेडल ज्याला बसतं त्या दांड्याच्या) कवचाखाली कोरलेला असतो, सायकल उलटी केली की दिसतो. चोरीला गेलेल्या सायकलींच्या तक्रारींशी तो ताडून पाहा. उचललेली सायकल केंद्रात आणण्याआधी आणखी काही आठवडे तशीच राखून ठेवलीत तर उशिरा परतलेल्या मालकाशी वाद होत नाही.

दान म्हणून येणाऱ्या सायकली जास्त चांगल्या असतात, कारण त्या शेवटच्या दिवसापर्यंत चालत्या असतात. शैक्षणिक वर्ष संपताना वसतिगृहं रिकामी होतात. त्या पंधरवड्यात केंद्र रोज उघडं ठेवा. दात्याकडून नाव, तारीख आणि 'ही सायकल माझी आहे व मी ती केंद्राला देत आहे' एवढ्या मजकुराच्या चिठ्ठीवर सही घ्या. कुलपाची किल्लीही मागून घ्या, ती सगळेच विसरतात.

जागा आणि अवजारं

तळमजला हवा, उजेड हवा, हवा खेळती हवी. ग्रीस काढायच्या द्रावणांचा वास बंद खोलीत कोंडतो आणि त्यातली बरीच द्रावणं पेट घेणारी असतात. भिंतीत हुक मारून सायकली पुढच्या चाकावर उभ्या टांगल्या तर त्याच जागेत दुपटीहून अधिक मावतात. पण हुकांची संख्या हीच तुमची मर्यादा ठरवा. हुक भरले की नवी सायकल घ्यायची नाही. हा नियम दारावर लिहून लावा म्हणजे स्वयंसेवकांना संकोच वाटणार नाही.

सायकलीच्या बऱ्याचशा कामाला थोडी अवजारं पुरतात. ८, ९, १०, १३, १४, १५ आणि १७ मिलिमीटरचे पाने, ४, ५ व ६ मिलिमीटरच्या ॲलन की, दोन प्रकारचे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टायर लिव्हर, हवेचा दाब दाखवणारा पंप. खास सायकलीची म्हणून लागतात ती वेगळी: चेन तोडा-जोडायचं अवजार, चाकातल्या तारांची किल्ली, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) कोनसाठी, म्हणजे बेअरिंग दाबून धरणाऱ्या निमुळत्या नटासाठी, पातळ पाने, क्रँक ओढून काढायचा पुलर, फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र, उघडायचं अवजार आणि केबल स्वच्छ कापणारं कटर. या शेवटच्या कटरवर काटकसर करू नका. पकडीने कापलेल्या केबलचे धागे सुटतात आणि ती आउटरमध्ये, म्हणजे वरच्या आवरणात, पुन्हा जात नाही.

दुरुस्तीचा स्टँड नसेल तर छताच्या तुळईवरून दोन दोर सोडा. एक सीटखाली, दुसरा हँडलला. मागचं चाक मोकळं फिरलं म्हणजे काम भागलं. अवजारं मात्र पेटीत ठेवू नका. फळीवर प्रत्येकाचा आकार रंगवून त्याच जागी टांगा. दिवसअखेर कोणता आकार रिकामा आहे हे लांबूनही दिसतं आणि हरवलेला पाना त्याच संध्याकाळी सापडतो.

दारातला निकाल

आता मुख्य काम. सायकल आत आली की दोघांनी मिळून तपासायची, आणि ती तीनपैकी एका रांगेत जाते: दुरुस्त करायची, सुटे भाग काढायचे, थेट भंगारात. चौथी रांग नाही.

सुरुवात फ्रेमपासून करा, कारण बाकी सगळं बदलता येतं. हँडलच्या नळीला जिथे खालचा आणि वरचा दांडा जुळतो त्या जागी बोट फिरवा. रंगाला सुरकुती पडली असेल, दांड्याखाली फुगवटा लागत असेल तर ती सायकल समोरून जोरात धडकलेली आहे. पुढचं चाक धरणारा चिमटा बाजूने पाहा, मागे वाकला आहे का. जोडांजवळ केसासारखी रेघ दिसली तर चिंधीने पुसून पुन्हा पाहा: ओरखडा रंगापुरता असतो, तडा पुसला तरी तसाच राहतो आणि त्यातून बऱ्याचदा गंज डोकावतो. लोखंडी फ्रेम तुटण्याआधी बहुधा वाकते आणि डोळ्यांना दिसते. ॲल्युमिनियम फारशी सूचना न देता तडकतं. कार्बन फायबरच्या फ्रेममधला बिघाड तर आतल्या थरात लपू शकतो, म्हणून जाणकार माणूस हाताशी नसेल तर ती फ्रेम पुढे कुणाला देऊ नये असं माझं ठाम मत आहे. तडा गेलेली फ्रेम भंगारात टाकताना करवतीने कापून टाका. अख्खी फेकली तर दुसरा कुणी ती उचलून पुन्हा चालवील.

त्यानंतर तीन गोष्टी बघा. सीटचा दांडा आणि हँडलचा दांडा हलतो का? वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिलेला दांडा फ्रेममध्ये धरून बसतो आणि तो सोडवण्यात अख्खा दिवस जातो. क्रँक हातात धरून आडवा हलवा, खेळ किती आहे ते कळेल. चाकं फिरवून रिम ब्रेकजवळ किती डुलते ते पाहा. रिमची बाजू ब्रेकच्या घासण्याने आतल्या बाजूला खोलगट झाली असेल तर ती रिम संपली. मोजपट्टी लावून पाहिलं की खोलगटपणा लगेच दिसतो. झिजलेली रिम हवेच्या दाबाने फाटू शकते.

मग हिशोब. नवे लागणारे भाग एका कागदावर लिहा. टायर, ट्यूब, केबल आणि ब्रेकचे रबर हे नेहमीचे, ते खर्चात धरलेलेच. याशिवाय दोन मोठे भाग लागत असतील, म्हणजे चाक आणि क्रँक किंवा चेन-फ्रीव्हील आणि चिमटा, तर ती सायकल सुटे भाग काढण्याच्या रांगेत जाते. फ्रेम कितीही देखणी असली तरी. इथे मन घट्ट करावं लागतं, कारण प्रत्येक स्वयंसेवकाचा कुठल्या तरी एका जुन्या सायकलीवर जीव जडतो. ज्याला ती जगवायची आहे त्याने ती स्वतःच्या नावावर लावून घ्यावी, ठरलेल्या मुदतीत पुरी करावी, नाहीतर ती सुटी होईल.

सुटे भाग: काय ठेवायचं, काय नाही

सुट्या भागांचा ढीग उपयोगी पडतो तो त्यावर माप लिहिलेलं असेल तरच. टायरच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. टायरच्या कडेवर इंचातलं माप असतं आणि त्याजवळ ३७-६२२ असा आकडा असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. विश्वास या दुसऱ्या आकड्यावर ठेवायचा. '२६ इंची' म्हणून विकलेला टायर ५५९ असू शकतो किंवा ५९० असू शकतो, आणि एका मापाचा टायर दुसऱ्या मापाच्या रिमवर कधीच बसत नाही. उलट ७००सी आणि २९ इंची अशी दोन वेगळी नावं असलेल्या टायरांचा व्यास एकच, ६२२ असतो. जुन्या उभ्या धाटणीच्या सायकलींचा २८ गुणिले दीड इंची टायर मात्र ६३५ असतो. प्रत्येक चाकाला आणि टायरला हा तीन अंकी आकडा लिहिलेली चिठ्ठी बांधा. शोधाशोध निम्म्याने कमी होईल.

ठेवण्यासारखं: सरळ चाकं, क्रँक, पेडल, ब्रेकचे सांगाडे आणि लिव्हर, हँडल, सीट, कॅरिअर, मडगार्ड, स्टँड, घंटी, नट-बोल्ट. बोल्टचा डबा कधीच वाया जात नाही.

जुने ठेवू नयेत असे: ब्रेकच्या केबल, चेन, कडक झालेले ब्रेकचे रबर, व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेल्या ट्यूब. तिथे पॅच टिकत नाही. आणि हेल्मेट. वापरलेलं हेल्मेट दान म्हणून कुणी कितीही प्रेमाने दिलं तरी पुढे देऊ नका. ते एका आघातासाठी बनवलेलं असतं आणि तो आघात होऊन गेला आहे का, हे बाहेरून कळत नाही.

दुरुस्तीचा क्रम

आधी धुणं. मळाखाली काय आहे हे दिसल्याशिवाय काम करू नये. पाण्याचा जोराचा फवारा हब आणि क्रँकच्या बेअरिंगवर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं.

त्यानंतर फिरणारे भाग: पुढचा हब, मागचा हब, क्रँकची धुरी, हँडलची बेअरिंग. कप आणि कोन पद्धतीच्या हबमध्ये पुढे ३/१६ इंची आणि मागे १/४ इंची छर्रे (बेअरिंगच्या पोलादी गोळ्या) बहुतेक वेळा सापडतात. उघडताना मोजा, दोन्ही बाजूंचे वेगळे ठेवा. एक जरी छर्रा खडबडीत झाला असेल तर त्या बाजूचे सगळे बदला, जुन्यात नवे मिसळू नका. छर्रे स्वस्त असतात, कोनवर खड्डे पडले की हब जातो. कोन आवळताना चाक हाताला मोकळं फिरलं पाहिजे आणि आडवा खेळ मात्र अजिबात राहता कामा नये. हे हाताला बसायला थोडा वेळ लागतो, नव्या माणसाला चार-पाच हब सलग करू द्या.

इथेच आट्यांविषयी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने आवळतात. जास्त प्रचलित आट्यांच्या क्रँकमध्ये धुरी धरणारा चेनच्या बाजूचा, म्हणजे उजवा कपही उलट्या आट्यांचा असतो. न कळता जोर लावला की आटे जातात आणि पेडल चुकीच्या बाजूला बळेच बसवलं तर क्रँकच निकामी होतो. लक्षात ठेवायला एक सोपी खूण: पेडल पान्याने घट्ट करताना, उजवं असो वा डावं, पान्याचं वरचं टोक सायकलच्या पुढच्या दिशेला जातं, काढताना मागच्या. बसवताना आधी बोटांनी फिरवा. तीन-चार फेरे बोटांनी गेले नाहीत तर थांबा, पाना लावू नका.

मग चाकाचा आउट काढणं, म्हणजे डुलणारी रिम सरळ करणं. प्रत्येक नव्या माणसाला याची भीती वाटते आणि शिकल्यावर तेच काम सर्वांत आवडतं. रिम डावीकडे झुकली असेल तर त्या जागेच्या उजव्या बाजूच्या तारा थोड्या आवळा, डाव्या थोड्या सोडा. प्रत्येक वेळी निपल (तारेच्या रिमकडच्या टोकाचा छोटा नट) पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. आवळायची दिशा रिमच्या बाहेरून, टायरच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्याची. घाई केली की चाक लंबगोल होतं.

ब्रेकवर सर्वांत जास्त वेळ द्या. केबल आणि तिचं आउटर दोन्ही नवे घाला. ब्रेकचं आउटर आतून चपट्या तारेच्या गुंडाळीचं असतं, गिअरचं आउटर सरळ उभ्या तारांचं. गिअरचं आउटर ब्रेकला लावलं तर जोरात ब्रेक दाबल्यावर ते फुटू शकतं. दिसायला दोन्ही सारखी, म्हणून उरलेले तुकडे दोन वेगळ्या डब्यांत ठेवा. ब्रेकचं रबर पूर्णपणे रिमवर टेकलं पाहिजे. टायरला घासलं तर टायर कापला जातो, रिमच्या खाली सरकलं तर तारांत अडकतं. लिव्हर पूर्ण ताकदीने दाबूनही ती हँडलला टेकता कामा नये. चकचकीत क्रोम लावलेल्या लोखंडी रिम असतील तर घेणाऱ्याला स्पष्ट सांगा की पाऊस असताना ब्रेक खूप उशिरा लागतो, अंतर दुप्पट-तिप्पट ठेव.

चेन मोजायला साधी इंची पट्टी पुरते. नव्या चेनमध्ये पिनेपासून पिनेपर्यंत २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. हेच अंतर १/१६ इंचाने वाढलं असेल तर चेन बदला. १/८ इंचाने वाढलं असेल तर फ्रीव्हीलचे दातही झिजलेले असणार आणि त्यावर नवी चेन घातली तर ती घसरते.

पंक्चरबद्दल थोडक्यात: पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशन लावा आणि ते हाताला कोरडं लागेपर्यंत थांबा. ओलं असताना लावलेला पॅच सुटतो. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा, काटा किंवा काच तिथेच असते.

बाहेर जाण्याआधी

दुरुस्त करणाऱ्याने स्वतःचं काम स्वतः पास करायचं नाही. ज्याने त्या सायकलीला हात लावलेला नाही अशा दुसऱ्या जाणत्या माणसाने ती तपासायची आणि दोघांनीही कागदावर सही करायची. तपासणीची वाट ठरलेली असावी: पुढच्या चाकापासून वर हँडलकडे, तिथून खाली क्रँकपर्यंत, पुन्हा वर सीटकडे आणि शेवटी खाली मागच्या चाकावर. बोट इंग्रजी एम अक्षरासारखं फिरतं, वाटेतलं काही सुटत नाही.

या वाटेवर तीन जागी थांबा. चाकाला झटक्यात सुटणारी लिव्हर असेल तर ती मुडपून बंद झालेली आहे ना पाहा, कित्येक जण ती नटासारखी नुसती फिरवून आवळतात आणि चाक सैल राहतं. हँडलच्या आणि सीटच्या दांड्यावरची कमाल उंचीची खूण फ्रेमच्या आत गेलेली हवी. आणि पुढच्या ब्रेकवर सायकल पुढे ढकलून पाहा: मागचं चाक उचललं गेलं पाहिजे, हँडलमध्ये खटखट होता कामा नये. शेवटी मोकळ्या जागेत चालवून पाहायची. दोन्ही दिवे, मागचा लाल परावर्तक आणि घंटी लावल्याशिवाय सायकल दाराबाहेर जाऊ नये.

सायकल कुणाला आणि कशी द्यायची

सर्वांसाठी मोकळ्या, कुलूप नसलेल्या सायकली ही कल्पना मोहक आहे. १९६५ साली ॲम्स्टरडॅममध्ये प्रोव्हो या व्यवस्थाविरोधी चळवळीच्या तरुणांनी सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर ठेवल्या, कुणीही घ्या, पोचल्यावर सोडून द्या. पोलिसांनी त्या जप्त केल्या, कारण तिथे कुलूप न लावलेली सायकल ठेवणं नियमात बसत नव्हतं. १९९५ साली कोपनहेगनमध्ये नाणं टाकून सुटणाऱ्या सायकली आल्या. नाणं टाकणारा कोण हे कळत नसल्यामुळे चोरी आणि मोडतोड चालूच राहिली. पुढच्या बहुतेक यशस्वी योजनांनी घेणाऱ्याचं नाव नोंदवायला सुरुवात केली. कॅम्पसवरही तेच करा. एक सायकल, एक नाव.

मला तीन मार्ग चालणारे वाटतात. पहिला, सत्रभरासाठी अनामत घेऊन सायकल देणं आणि सत्राच्या मध्यावर एकदा फुकट तपासणीला बोलावणं. दुसरा, थोड्या किमतीत कायमची विक्री. तिसरा मार्ग माझ्या सर्वांत आवडीचा: केंद्रात ठरावीक तास काम करून सायकल कमावणं. ती माणसं आपली सायकल स्वतः जोडतात, त्यामुळे ब्रेक सैल झाला तर त्यांना कळतो आणि तो कसा आवळायचा हेही ठाऊक असतं. ज्यांना तेवढा वेळ देणं शक्य नाही, नोकरी करून शिकणारे किंवा मूल सांभाळणारे, त्यांच्यासाठी पहिला मार्ग मोकळा ठेवा. घेणाऱ्याची गरज पडताळताना त्याला सगळ्यांसमोर परिस्थिती सांगायला लावू नका. एक बंद अर्ज पुरे.

माणसं

शिकवणाऱ्यासाठी नियम एकच: हात पाठीमागे. शिकणाऱ्याच्या हातातून पाना घेतला की शिकणं तिथेच संपतं. काम दुप्पट वेळ घेईल, घेऊ द्या. ज्यांनी घरी कधी पाना धरलेला नाही, त्यात मुली पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी आठवड्यातून एक वेळ वेगळी ठेवा आणि ती वेळ मुलींनीच चालवावी. माहीतगार मुलं आपणहून मदतीला धावतात आणि त्या मदतीतच समोरचीचं शिकणं राहून जातं.

जवळच्या व्यावसायिक मिस्त्रीला सुरुवातीपासून सोबत घ्या. तो तुमचा प्रतिस्पर्धी नाही आणि तुम्हीही त्याचे होऊ नका. वेल्डिंग, वाकलेला चिमटा, हायड्रॉलिक ब्रेक ही कामं त्याच्याकडे पाठवा, महिन्यातून एकदा शिकवायला बोलवा आणि त्याचं मानधन वेळेवर द्या. त्याच्या हाताला जे कळतं ते कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

विद्यार्थ्यांच्या उपक्रमाची खरी अडचण म्हणजे दर वर्षी जाणकार निघून जातात. म्हणून शेवटच्या वर्षाच्या माणसाकडे किल्ली ठेवू नका, त्याच्या आधीच्या वर्षाच्या माणसाकडे द्या. प्रत्येक कामाचं एक पान लिहून फळीशेजारी लावा. परीक्षेच्या काळात केंद्र आठवड्यातून एकच संध्याकाळ उघडं राहिलं तरी चालेल, पण ती संध्याकाळ आधी जाहीर झालेली हवी. बंद दार दोनदा दिसलं की माणूस तिसऱ्यांदा येत नाही.

हिशोबाची वही साधी असू दे: सायकल कधी आली, कोणत्या रांगेत गेली, कुणी दुरुस्त केली, कुणी तपासली, कुणाला दिली. लांबच्या सुटीआधी ती वही घेऊन सगळे हुक मोजा. जी सायकल सत्रभर एकाच हुकावर लटकली आहे तिचे भाग त्याच दिवशी सुटे करा आणि येणाऱ्या दानासाठी तो हुक रिकामा ठेवा.